हिरव्या फडक्यातली साखर

लोणी देवकर,
चैत्र, शके १८६०

प्रिय सिंधू,

तुझी साखर पोचली. गेणबा भर उन्हाचा आला, पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्याला आणि गाठोडं माझ्या हाती देत म्हणाला, मोरगावाकडनं इहीनबाईनं धाडलीया, कशाची ते तुमास्नी कळंल म्हनल्या. आपण काय वाहून आणलंय ते त्या बापड्याला काय ठाऊक. बाप्या माणसाला असलं तोंडानं सांगायचं नसतं, म्हणून तर साखर पाठवायची रीत. मी गाठ सोडायच्या आधीच समजले. रतन न्हाती झाली. आता सासरच्यांनी मखर घेऊन यायचं, पोरीला हिरवं नेसवून त्यात बसवायचं, ओटी भरायची, आणि अक्षय तृतीयेच्या आत सून नांदायला घेऊन जायची. तू आईचं काम चोख केलंस. आता काम उरलं ते माझं, सासूचं. नेते की नाही, तेच सांगायला बसले आहे, पण ते एका ओळीत सांगून भागणार नाही. तुझी साखर आमच्या अख्ख्या आळीनं खाल्ली, एवढं आत्ता सांगते. कशी खाल्ली ते मागाहून. आणि हे बघ, कागद एकटीनं वाच. जोडाक्षर आलं की कुंडलिकरावांना घाम फुटतो हे मला माहीत आहे, तरी पण नवऱ्याचा भरवसा नको. कुणी विचारलंच तर सांग, विहिणीनं कैरीचं लोणचं कसं घालायचं ते कळवलंय.

विहीण म्हणून लिहायचं तर पत्राची सुरुवात मानापानापासून करायला हवी. पण माझा हात तसा वळत नाही. माझ्या डोळ्यांपुढं तू अजून परकर खोचून कालव्याच्या काठावर शेळ्यांना शिव्या देणारी सिंधी आहेस. बारामतीला जाणाऱ्या वाटेवरचं आपलं गाव, कालव्याच्या कडेनं बाभळी, आणि एका बाजूला आमची कोरडी माळरानं तर दुसऱ्या बाजूला तुमच्या आळीचा हिरवागार ऊस. मला तर लहानपणी वाटायचं, देवानं मधे रेघ ओढून दिली आहे. शेळीचं दूध मास्तरांच्या घरी घालायचं काम आपल्या तिघींचं. मास्तरांची विधवा बहीण यमूताई खोकल्याला शेळीचं दूध घ्यायची आणि दूध तापेपर्यंत मागच्या पायरीवर आपल्याला अक्षरं गिरवायला लावायची. पोरींना शिकवते म्हणून गावात कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला ते शिकवणं वाटलंच नाही. दुधाचं भांडं रिकामं व्हायची वाट बघत पोरी बसल्यात, असंच सगळे समजायचे. मी आज हा कागद लिहिते आणि तू तो वाचतेस, ती सगळी त्या खोकल्याची कृपा.

तिसरी आपली नकोशी. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापांनी नाव नकोशी ठेवलं, म्हणजे पुढं मुलगा होतो, आणि झालाही. नाव नकोशी, पण आपल्या दोघींना तिच्यावाचून घास उतरत नसे. अक्षरांत तिचं मन लागलं नाही. ती ग काढायची आणि त्याला शेपूट लावून त्याची शेळी करायची. यमूताई रागवायची आणि मग तोंडाला पदर लावून हसायची. हात मात्र काय सुबक होता तिचा. बाभळीच्या काट्यानं पानं टोचून ती पत्रावळ करायची, तर एक पान वाकडं नसे. भातुकलीत स्वयंपाक मी करायची, हुकूम तू सोडायचीस, आणि मांडून द्यायची ती.

तो जळवेचा दिवस तू विसरली असशील असं मला वाटत नाही. आपण कालव्यात पाय सोडून बसलो होतो. नकोशी उठली तर तिच्या पोटरीवरून रक्ताचा ओघळ. ती भेदरली. मी मोठी शहाणी, मीच सांगितलं, जळू लागली, वर चढली असेल, चुना लावल्याशिवाय सुटत नाही. तू धावत घरी गेलीस आणि आजीच्या चंचीतून चुन्याची डबी पळवून आणलीस. बाभळीच्या आडोशाला आपण तिला उभी करून जळू शोधत होतो, जळू काही सापडेना, आणि ती रडत विचारत होती, लई आत गेली का गं? तोवर डबी शोधत तुझी आजी आली. तिनं एकवार बघितलं आणि जी हसत सुटली ती मटकन खालीच बसली. मग डोळे पुसून तिनं नकोशीला जवळ घेतलं आणि म्हणाली, जळू न्हवं बायांनो, पोर शानी झाली. आपल्याला काही कळलं नाही. आपल्या वयाच्या कुठल्याच पोरीला तेव्हा कुणी काही सांगत नसे. बायका घड्या धुवायच्या, लुगड्याखाली झाकून वाळवायच्या, चार दिवस बाजूला बसायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, कावळा शिवला. मी कितीतरी दिवस कावळ्यांना दगड मारत होते.

पण त्यानंतरचा आठवडा, सिंधू, मी जन्मात विसरणार नाही. नकोशीचं लग्न पाळण्यातच झालेलं. तिच्या सासरी इंदापूरकडं साखर गेली. सासू आली, गाडीभर माणसं आली, केळीचे खुंट लावून मखर उभं केलं. डफ वाजला. नकोशीला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळाला मळवट, आणि पुढ्यात रोज नवं पक्वान्न. जिला घरात शिळी भाकर मिळायची, ती पुरणाच्या पोळीला नाक मुरडत होती. आपण दोघी खांबाला धरून बघत होतो. मला इतका हेवा वाटला की मी घरी येऊन आईला विचारलं, मला कधी जळू लागणार? आईनं पाठीत एक धपाटा घातला, आणि मग का कोण जाणे, मला पोटाशी धरून बसून राहिली. नकोशीनं आपल्याला मखरातून बोलावलं, पदराआडून दोन करंज्या दिल्या आणि कानात म्हणाली, लुगडं लई टोचतंय गं. एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली. तिची शेळी गाडीमागं ओरडत कालव्यापर्यंत गेली, तिला तू कान धरून परत आणलीस.

वर्षभरानं मी न्हाती झाले. मखर, हिरवं लुगडं, सगळं झालं, आणि मी इथं लोणीला आले. धनगराचं घर, दारापुढं मेंढरांचा वाडा, आणि सासू अशी की तिच्यापुढं कुत्रंही भुंकायला भ्यायचं. आत्याबाईंनी आल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दंड चाचपून बघितला, आणि पाठ फिरवून आत गेल्या. मला वाटलं, हिला मी पसंत नाही. दसरा झाला, मेंढरं कोकणात उतरायची वेळ आली. त्या साली थोरल्या दिरांनी आणि जावेनं जायचं ठरलेलं, धाकट्यानं घरी राहून पेरणी बघायची. आत्याबाईंनी सगळं फिरवलं. माझ्या नवऱ्याला मेंढरांमागं लावून दिला आणि मला ठेवून घेतलं, म्हणाल्या, हिला चालायची सवं न्हाय, हितं माज्या हाताखाली ऱ्हाऊ दे. तो आषाढ लागताना परत आला आणि दसऱ्याला पुन्हा रवाना. अशी दोन वर्षं गेली. पावसाळ्यात घरी असायचा तेव्हा मला आत्याबाईंच्या अंथरुणालगत निजावं लागे. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही, आता त्या देवाघरी आहेत. माहेरी आले की तुझ्यापाशी रडायची, सासू माझा संसार होऊ देत नाही म्हणून. तूही तेव्हा नुकतीच सासरी गेलेली, आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, तुझी सासू मला दे. मला वाटलं तू थट्टा करतेस. तुझं पहिलं पोटातच जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच नागपंचमीला आपण नकोशीला बघितलं. फेर धरायला सगळ्या माहेरवाशिणी देवळापुढं जमलेल्या, मी विचारलं, नकोशी आली नाही का? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आली होती की, केव्हाचीच. तिच्या बापाच्या गोठ्यात. पोर अडली, तीन रात्री कळा, सुईण दमली, मूल मेलेलं निघालं, आणि त्यानंतर नकोशीची लघवी थांबेना. उठता बसता, निजताना, सारखी गळायची. सासरच्यांनी देवऋषी केला, कोंबडं कापलं, आणि शेवटी गाडीत घालून बापाच्या दारात आणून सोडली. तिचा नवरा वाईट नव्हता म्हणे, पण आठवड्यात तोही म्हणाला, घरात वास येतो. ती चौदा वर्षांची होती. बाईला काही झालं की पहिल्यांदा तिच्या कर्माला हात लावायचा, मग पायगुणाला, आणि तिच्या अंगाला काय झालंय ते बघायला कुणी जायचंच नाही, ही आपल्याकडची रीत. कालव्यावर बायका तिला सगळ्यांच्या खाली, पाणी वाहून जातं त्या टोकाला धुणं धुवायला लावायच्या. देवळात बंदी. आणि ती गोठ्यात राखेच्या ढिगावर पोतं टाकून बसलेली, हातात सुई.

मी दारातच थांबले. तू मात्र सरळ आत गेलीस आणि तिच्या त्या ओल्या पोत्यावर मांडी ठोकून बसलीस. तुझ्या नव्या लुगड्यानिशी. म्हणालीस, ए नकोशे, सरक की जरा. ती हसली. मग मीही बसले. सिंधू, मी पुष्कळ बायका बघितल्या, शहाण्या, देवभोळ्या, दानधर्म करणाऱ्या, पण तुझ्या त्या मांडी घालून बसण्यापुढं मला त्यातलं काही मोठं वाटत नाही. तू पत्रात हे कधी लिहू दिलं नाहीस, आज लिहितेच. त्या दिवशी तिनं आपल्याला विचारलं, तुमास्नी बी मुलं व्हनार का गं? आणि पुढं म्हणाली, उशिरा होऊ द्या.

त्यानंतर आपण माहेरी आलो की गोठ्यात आपला मुक्काम. ती चिंध्या जोडून गोधड्या शिवायची, टाका असा की उलटसुलट कळू नये. पण तिच्या हातची म्हणून गावात कुणी घेत नसे. आपल्या दोघींना तिनं एकेक शिवून दिली आणि दोन्हींच्या मधोमध आपलं मखरातलं हिरवं लुगडं कापून लावलं. म्हणाली, आता धुऊन मऊ झालंय, टोचायचं न्हाय. दोन हिवाळ्यांनी ती तापात गेली. मी तेव्हा इकडं होते, माझा सिद्धू पोटात होता. तुझा निरोप आला तेव्हा मी ती गोधडी पांघरूण बसले आणि आत्याबाईंनी पहिल्यांदाच मला काम सांगितलं नाही.

त्याच दिवसांत कधीतरी त्या मला न्हाऊ घालत होत्या. पाठीवर ऊन पाणी ओतता ओतता म्हणाल्या, आता तू मानसागत झालीस, आता भ्या न्हाय.  मग त्याच पुढं बोलल्या. त्यांची थोरली लेक बारामतीच्या पलीकडं दिलेली, बाराव्या वर्षी नांदायला गेली आणि तेराव्या वर्षी बाळंतपणात संपली. तिच्या सासूला माझ्यासारखीच लगबग हुती, म्हणाल्या, पोर न्हाती झाली तशी साखर धाडाया मीच पुढं. माझी लेक मी नटवून धाडली. मग पोरांची लग्नं झाली तवा ठरवलं, दुसऱ्याच्या लेकीला असं हू द्यायचं न्हाय. बापे ऐकत न्हाईत, त्यांच्यासंगं वाद घालून काय मिळत न्हाय, पर मेंढरं तर कुनीतरी न्यायचीच असत्यात. एवढं बोलून त्यांनी उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि तांब्या आपटून गेल्या. दोन वर्षं मी जिला कोसत होते तिनं माझा जीव राखला होता. मी न्हाणीत बसून हमसाहमशी रडले, आणि बाहेरून त्या ओरडल्या, पाणी संपलं का अजून.

पुढं मी दुसऱ्या खेपेला अडले तेव्हा मला रेल्वेनं मिशनच्या दवाखान्यात नेलं, ते तुला माहीत आहे. पण एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही, कारण सांगून तुझा जीव जाळायचा नव्हता. माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोर होती, नकोशीच्याच वयाची, नकोशीसारखीच गळणारी. तिथल्या नर्सबाईनं मला समजावून सांगितलं, हाडं भरायच्या आत मूल राहिलं की वाट पुरत नाही, मुलाचं डोकं तिथंच दिवसदिवस दाबून बसतं आणि आतली कातडी मरून भोक पडतं. त्यात पायगुण नाही, देवाचा कोप नाही. ते भोक शिवता येतं. मी तिथं होते तोवर ती पोर शिवून निघाली आणि कोरड्या लुगड्यानं चालत घरी गेली. मी इतकी रडले की नर्सबाईला वाटलं माझेच टाके तुटले. आपली नकोशी दोन-तीन वर्षं त्या राखेवर बसली होती गं, आणि रेल्वे बारामतीपर्यंत येत होती.

आता तू म्हणशील, एवढं सगळं माहीत असून आपण दोघींनी आपल्याच पोरांची लग्नं तशी का केली. त्या फाल्गुनातला गोंधळ आठव. सरकार चैत्रापासून पोरींची लग्नं बंद करणार अशी आवई उठलेली. सारडाचा कायदा काय आहे ते कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण पाळण्यातली पोरसुद्धा कुणी बाकी ठेवली नाही. एकेका मांडवात चार चार बोहली. तुझ्या घरी रतनसाठी तिशीतला बिजवर आला होता आणि तुझे सासरे हो म्हणायच्या बेतात होते. तू गेणबाकडून मला निरोप धाडलास आणि मी दुसऱ्या दिवशी सिद्धूला घोड्यावर घालून तुझ्या दारात. दहा वर्षांचा नवरा आणि चार वर्षांची नवरी. अंतरपाटाच्या पलीकडं तू, अलीकडं मी, आणि रतन मधे गाढ झोपलेली, नकोशीच्या गोधडीवर. तू डोळ्यांनीच मला म्हणालीस, आता ही तुझ्या घरात आहे. मी मान डोलावली होती. माझ्या लेखी खरं लग्न त्या मान डोलावण्याचं लागलं. अक्षता हा नुसता भुलवायचा कारभार.

तेव्हा मला वाटलं होतं, वेळ येईल तेव्हा आत्याबाईंचीच युक्ती करू, सिद्धूला मेंढरांमागं धाडू. पण मेंढरं राहिली कुठं? कालव्याचं पाणी आमच्याही अंगाला आलं, माळरानं उसाखाली गेली, चराई बंद झाली, आणि आप्पांनी, म्हणजे सिद्धूच्या वडिलांनी, गेल्या साली वाडा विकून टाकला. दारापुढं आता चार मेंढरं आहेत, तीही लोकरीच्या हौसेपुरती. तिकडं साखरेचा कारखाना निघालाय, तिथं सिद्धू ऊस तोलायच्या काट्यावर लागला. त्याला खोली मिळाली. आप्पांनी लगेच धोशा लावला, पोरगं खानावळीत जेवतं, सून आणा, खोलीवर भाकरी करून घालील. मी त्या खोल्या बघून आले. एका रांगेत पत्र्याची दारं, आत चूल, आणि दाराला आतून कडी. तिथं सासू नाही, जाऊ नाही, अंथरुणालगत निजवणारं कुणी नाही. सिद्धू माझा वाईट नाही. पण त्याचा बापही वाईट नव्हता आणि नकोशीचा नवराही नव्हता. अठराव्या वर्षी दोस्त जे शिकवतात तेच शहाणपण वाटतं. हंगामात तिथं तमाशाचे फड उतरतात, दोघातिघा पोरांना गरमीचा रोग लागला, तो त्यांनी घरी नेऊन बायकांना दिला, आणि मूल राहत नाही म्हणून वांझ कोण, तर बायको. त्या खोलीत मी बारा वर्षांची रतन सोडायची? मला रात्रंदिवस तोच घोर लागलेला, आणि वरून तुझी साखर आली.

गाठ सोडायच्या आधी मी समजले असं वर लिहिलं, ते दोन अर्थी खरं आहे. साखर नेहमी पांढऱ्या धडप्यात येते. तू ती बांधलीस ते फडकं हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि कडेला नकोशीचा टाका. तू गोधडी उसवलीस, सिंधू. मुलीच्या आईला नको म्हणायची सोय नाही, तुझ्या सासूनं साखर धाडायला लावली असणार आणि ती समोर उभी राहून बघत असणार. तू तोंडानं ब्र काढला नाहीस आणि मला सगळं सांगितलंस. मी ते फडकं चूलखणात लपवलं न लपवलं तोच आप्पा दारात. कसली गं साखर? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रतन चौथी पास झाली त्याची. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण आप्पांचा स्वभाव तुला माहीत आहे. त्यांनी ताटली उचलली आणि आळीत प्रत्येक दारात चिमूट चिमूट वाटत सुटले, आमची सून चवथी पास हाय. चावडीवर तलाठ्याला दिली. तो म्हणाला, वा, आता सातवीची फायनल करा, मास्तरीण होईल, सरकारी पगार येईल. आप्पा घरी आले ते छाती काढूनच. मला म्हणाले, इहिनीला लिव्ह, पोरीला मधीच काढू नगा, फायनल झाल्याबिगर नांदवायची न्हाय, आन् शिद्ध्याला म्हनावं भाकरी थाप, आमी कोकनात थापत हुतोच की. तुझ्या लेकीच्या न्हाणाची साखर खाऊन सगळी आळी माझ्याकडं बघून हसते आणि मी मान खाली घालून पदरात हसते.

तेव्हा हे पत्र. रतनला तिसरी झाल्यावर काढून तुम्ही घरी बसवलीत हे मला ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी तिला चौथीत नेऊन बसव, आणि पास कर, कारण मी खोटं बोलले आहे आणि ते खरं करायचं आता तिच्या हातात आहे. पुढं बारामतीच्या शाळेत घालायची सोय माझ्या माहेरी करते, माझी वहिनी सांभाळेल. तुझी सासू ओरडली तर सगळं माझ्यावर ढकल. म्हण, मुलाकडची आहे, हट्टी आहे, शिकलेलीच सून पाहिजे म्हणते, आपण काय करणार? मला पोटभर शिव्या घाल, मला लागायच्या नाहीत. पोरीला टाकली असं कुणी म्हणू नये म्हणून दिवाळीला आणि पंचमीला मी स्वतः गाडी घेऊन येईन, मानानं आणीन, चार दिवस माझ्या अंथरुणालगत निजवीन आणि मानानं पोचवीन. मखरही करीन, मोठं करीन, पण ती मोठी झाल्यावर, आणि लुगडं मऊ आणीन. हिरवं फडकं गेणबाबरोबर परत धाडते आहे. त्यात पाटीवरच्या पेन्सिली बांधल्यात, सांडू नकोस. फडकं गोधडीत होतं तिथं पुन्हा शीव, टाका तुझा वाकडा येईल, येऊ दे. आणि रतनला रात्री ती गोधडी पांघरायला दे, आणि जळवेची गोष्ट सांग, सगळी सांग, आपल्याला कुणी सांगितली नव्हती.

त्या पोत्यावर तुझ्या शेजारी बसलेली,
तुझीच
रंगू